डाव्या आरशातला हात

मुकादमाचा फोन आला तेव्हा तो नव्या रस्त्याच्या कामावर, दुसऱ्या टोकाला, आपला डंपर रिकामा करत होता. मागे येणाऱ्या डंपरांना हाताने इशारे करणारी त्याची बायको अशाच एका डंपरखाली सापडून गेली होती.

"दादा, चूक वहिनींचीच," मुकादम म्हणाला. "चमकणारं जाकीट नव्हतं अंगात. ड्रायव्हरला दिसणार कशा?"

जाकीट ती दोन महिने मागत होती. "तुम्हाला काय लग्नाला मिरवायचंय?" असं म्हणून हाच मुकादम फिदीफिदी हसायचा.

महिन्याने तो पुन्हा डंपर चालवायला कामावर आला. तिच्या जागी कोणी नेमलेलं नव्हतं.

"आरशात बघून घ्या मागे," मुकादम म्हणाला आणि पाठ फिरवून फोनवर बोलत राहिला.

त्याने रिव्हर्स गिअर टाकला. डाव्या आरशात ती उभी होती. अंगात नवंकोरं नारिंगी जाकीट होतं आणि हात नेहमीसारखा हलत होता. या, या, मागे या. तो हात दिसला की तो डोळे मिटून गाडी मागे घ्यायचा. त्या हाताने त्याला कधी चुकवलं नव्हतं.

त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मागे फक्त मुकादम होता, चाकापासून चार हातांवर, पाठमोरा.

पुन्हा आरशात पाहिलं. तिथे मुकादम नव्हता. ती होती, आणि हसत होती. कामावर ती कधीच हसायची नाही.

"अहो, या ना," ती अगदी कानाशी म्हणाली.

ब्रेकवरचा पाय तेवढा उचलायचा राहिला होता.