जागरणाचं सोंग

संगणकाचा पडदा काळा असला की डोळ्यातली बाहुली मोठी होते आणि अक्षरांच्या कडा पसरट दिसू लागतात. तिला हे शास्त्र म्हणूनही ठाऊक होतं आणि डोकेदुखी म्हणूनही. म्हणून कचेरीच्या मागच्या खोलीत एकटी असली की ती पडदा पांढरा करी. कुणाची पावलं वाजली की पुन्हा काळा, कारण खरा प्रोग्रामर काळ्याच पडद्यावर काम करतो म्हणे.

चूक मुलाखतीतच झाली होती. "जागरण जमेल ना?" प्रमुखांनी विचारलं, आणि प्रोग्रामरने असंच सांगायचं असतं म्हणून ती बोलून गेली, "सर, मला रात्रीशिवाय सुचतच नाही."

प्रमुखांनी तिच्या अर्जावर खूण केली. "उत्तम," ते म्हणाले. "माझंही तसंच."

खरं तर साडेआठ वाजले की तिच्या पापण्या आपसूक मिटत. मग तिने युक्ती काढली. संध्याकाळी "जेवून येते" म्हणून निघायचं, घरी गाढ झोपायचं, आणि पहाटे पाचला कालचेच कपडे चढवून मागच्या जिन्याने आत शिरायचं. चेहरा असा, की रात्रभर इथेच होते.

पण पाचला प्रमुख चहाच्या यंत्रापाशी उभे. "संपली म्हणायची रात्र," ते डोळे चोळत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती साडेचारला आली. त्यांच्या दाराखालून पांढरा उजेड येत होता. तिची चाहूल लागली तसा विझला. मग ती चारला आली. मग साडेतीनला. माणूस दर वेळी हजर, अंगात कालचाच शर्ट.

"अगं, कोंबडंसुद्धा अजून कूस बदलतंय," दार लावायला उठलेली आई म्हणाली.

"उशीर झाला तर त्यांना कळेल, आई."

"काय कळेल? माझी मुलगी झोपते हे? झोप म्हणजे काय चोरीचा माल आहे?"

"नोकरी कायम करायची की नाही, ते सोमवारी ठरणार आहे. तोवर चोरीचाच."

सोमवारी पहाटे ती कळफलकावर कपाळ टेकून झोपली. जाग आली तेव्हा एकाच अक्षराने चौदा पानं भरली होती. पडदा पांढराशुभ्र होता आणि प्रमुख शेजारी उभे होते.

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सहा महिने गिळत आलेलं वाक्य तिने एकदाचं बाहेर काढलं.

"सर, मी रात्री झोपते. रोज. साडेआठला. ठेवायचं तर ठेवा, नाहीतर काढा, पण उद्यापासून मी सकाळी नऊला येणार."

प्रमुख खुर्ची ओढून धपकन बसले.

"मग मी आठला झोपून अडीचचा गजर लावतोय," ते म्हणाले, "तो कुणाला घाबरून?"