कोपऱ्यातलं खोकं

कोंबड्या कुंपणाशी अंडी घालत आणि मुंगूस ती फस्त करी. म्हणून शेवंताबाईंनी पडवीत तीन खोकी मांडली. एकात भाताचं तूस घातलं, दुसऱ्यात वाळलेलं गवत, तिसऱ्यात लाकडाचा भुसा. साऱ्याजणी भुशावरच बसल्या.

शेवंताबाईंना चैन पडेना. त्यांनी तिथला भुसा काढून गवत भरलं, तरी कोंबड्या त्याच खोक्यात!

"अगं, यांना अंथरुणाशी काही घेणंदेणंच नाही," बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीला त्या म्हणाल्या. "ते खोकं कोपऱ्यात आहे. तिथे कुणाची नजर पोचत नाही."

"मलाही पुढच्या खोलीत झोप येत नाही, आई," लेक हळूच म्हणाली. "सारखं कुणीतरी बघायला येतं."

आठवडाभरात शेवंताबाईंनी तिची गादी दोनदा बदलली होती. दुपारच्या जेवणाआधीच त्यांनी तिची खाट माजघरात नेली, आणि जेवून लेक दिवेलागणीपर्यंत गाढ झोपली.