आदितीला जग दाखवायला

“पप्पा, थांबा थांबा! तिकडं बघा की!” आदिती ओरडली आणि तात्यासोंनी गाडी कडेला घेतली.

खाली हिमाचलातली चंद्रा नदी, वर बर्फाचे डोंगर आणि मधल्या हिरवळीवर मेंढरांचा कळप. मैलोन् मैल माणूस दिसत नव्हता. पोरगी दार उघडून पळालीच. कोल्हापूर सोडल्यापासून तात्यासो याच ओरडण्याची वाट बघत होते.

“आवडलं बघ तिला,” ते बायकोला म्हणाले.

“आवडणारच. म्हणून तर हिकडं जाऊया म्हटलं मी,” त्रिशलाकाकी म्हणाल्या.

गेल्या चातुर्मासात त्यांच्या गावी, जयसिंगपुरात, जैन साध्वी माताजी आल्या होत्या. मायलेकी रोज प्रवचनाला जायच्या. चातुर्मास संपता संपता आदितीनं सांगून टाकलं, मला दीक्षा घ्यायची आहे. एकुलती एक लेक! पांढरी साडी, दिवसातून एकदाच जेवण, हातानं केस उपटायचे आणि अनवाणी गावोगाव हिंडायचं. तात्यासोंना हे नको होतं. जैनाच्या घरात दीक्षेला नको तरी कोणत्या तोंडानं म्हणायचं? पण घरच्यांच्या परवानगीशिवाय दीक्षा मिळत नाही, तेवढाच आधार होता. “आधी जरा जग बघ, मग बोलू,” एवढंच ते म्हणाले.

आणि जग तरी कसं! कुंझुम खिंड ओलांडून स्पीतीत उतरले, तर उघड्याबोडक्या डोंगराच्या पायथ्याला मटाराची हिरवीगार रानं. तात्यासोंनी उतरून माती चोळून बघितली. “आयला, असल्या गारठ्यात मटार! मानलं गड्यांनो. आपल्या दारात नदी, तरी आपली रड संपत न्हाय.” लोसर गावच्या एका म्हातारीनं ओळख ना पाळख, हाताला धरून घरात नेलं आणि चुलीपुढं बसवलं. तिची भाषा यांना कळेना, यांची तिला. तरी सगळे पोट धरून हसत होते.

घाई कसलीच नव्हती. आवडलं की थांबायचं. दिवस मावळायच्या आत छोट्या शेगडीवर स्वयंपाक व्हायचा. त्रिशलाकाकी लेकीला भाकरी थापायला शिकवायच्या. “पप्पांना पापुद्रा सुटलेली लागती. आणि बीपीची गोळी हातात द्यायची, नुसतं सांगून ते घेत न्हाईत.”

तात्यासो गालात हसायचे. बायको कशी बेमालूम पोरीला घरात गुंतवतेय! अशी साथ द्यायला नशीब लागतं.

लांगझा गावाला पोचले तेव्हा समोरचं शिखर उन्हात नुसतं झळाळत होतं. आदिती बराच वेळ बघत उभी राहिली. मग बापाजवळ आली.

“पप्पा, मी न्हाय घेत दीक्षा. हे सगळं सोडायला माझं मन तयार न्हाय. मला घरात राहायचंय, तुमच्याजवळ.”

डोळे पुसत, हसत तात्यासो गाडीकडं वळले.

“अगं त्रिशला, ऐकलंस काय? पोरगी राहिली! जिंकलो आपण!”

“व्हय, ऐकलं.” त्रिशलाकाकी आल्या. त्यांनी लेकीच्या तोंडावरनं हात फिरवला, तिला उराशी धरलं. मग नवऱ्यासमोर येऊन दोन्ही हात जोडले.

“तुमच्याजवळ आता आदिती हाय. माझा जीव तेवढ्यातच अडकला होता. मला दीक्षेला परवानगी द्या.”