पाण्याखालच्या सायकली

“मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही,” शवपेटीवर हात ठेवून वासुदेवराव म्हणाले. “या पेटीत झोपलेल्या लहू पाखरेने मला ॲमस्टरडॅमच्या कालव्यातून वर काढलंय. तेही मी बुडून चांगला अर्धा तास झाल्यावर.”

मृदुलाने, त्यांच्या मुलीने, मान खाली घालून ते डचमध्ये सांगितलं. फक्त अर्ध्या तासाचं तिने अर्धं मिनिट केलं.

ऐकायला होतेच किती? महापालिकेचा एक अधिकारी, पेटी उचलणारे चौघे, आणि अगदी मागच्या बाकावर कोटाची टोपी कपाळापर्यंत ओढून बसलेली एक बाई. आपण पुढच्या अंत्यविधीला आलोय, पाऊस आहे म्हणून आत बसते, असं तिने दारात डचमध्ये सांगितलं होतं. अधिकाऱ्याच्या हातातल्या कागदावर ‘नातेवाईक’ या शब्दापुढे आडवी रेघ होती.

वासुदेवरावांची ॲमस्टरडॅमची ही दुसरी खेप. २००६ साली टूरबरोबर आले तेव्हा पवनचक्की, चीज, लाकडी बूट सगळं उरकून झालं होतं. या वेळी झूटरमेरला मुलीच्या घरी बॅग टेकवायच्या आधीच त्यांनी बजावलं, “सगळे बघतात ते मला दाखवायचं नाही.” जावयाने, यतीनने, दुसऱ्यांदा येणाऱ्यांसाठी म्हणून नेटवरून यादी काढून दिली. मांजरांची नौका, वीतभर रुंदीचं घर, असलं काहीबाही. अण्णांनी, म्हणजे वासुदेवरावांनी, यादीवर चहाचा कप ठेवला.

मग मृदुलाला ॲमस्टरडॅम महापालिकेचा फोन आला. ती दुभाष्याचं काम करायची. एकटाच राहणारा एक म्हातारा वारला होता आणि त्याच्या खोलीतली पत्रं मराठीत होती. गावी कळवलं, उत्तर नाही. अशा माणसाला तिथली महापालिकाच मूठमाती देते. फुलं ठेवते, आणि कोणीतरी त्याच्याबद्दल चार शब्द बोलतं.

“चार शब्द कोण बोलणार?” अण्णांनी विचारलं होतं.

“त्याला ओळखणारं कुणीच नाही, अण्णा.”

“मग मी ओळखतो.”

“अण्णा, थापा मारायची जागा आहे का ती?”

“अगं, बिनओळखीचा गेला तर दारोदार विचारत फिरेल बिचारा, मी कोण म्हणून. त्यापेक्षा थाप बरी.”

आणि आता ते इथे उभे होते. अंत्यविधीची खोली गार होती. बोलणं थांबलं की पेटी पुढचं ऐकायला टपलीय असं वाटायचं.

“होडीतून बदकं बघायला वाकलो आणि गेलो खाली,” वासुदेवराव सांगत होते. “तळाशी बघतो तर सायकली! या शहराच्या कालव्यांत आजवर पडलेली एकूणएक सायकल तिथे उभी. आणि प्रत्येकीवर एकेक जण बसलेला. पाय पॅडलवर, माना वर. हलत नाहीत, बोलत नाहीत. वरून कोणीतरी आपल्या नावाने हाक मारेल म्हणून वाट बघतायत.”

भाषांतर करताना मृदुलाचा आवाज बारीक झाला. पेटी उचलणाऱ्यांपैकी एकाने पाय बाकाखाली ओढून घेतले.

“एक सायकल रिकामी होती. मी टांग टाकणार, एवढ्यात मागून कोणीतरी कॉलर धरली. म्हणतो कसा, ‘ओ पाव्हणं, रिझर्वेशन हाय का?’”

मागच्या बाकावरून हसू आलं. एकदाच फुटलेलं आणि लगेच दाबलेलं.

मृदुलाने ते वाक्य अजून डचमध्ये सांगितलंच नव्हतं.

वासुदेवरावांनी ते टिपलं. पन्नास वर्षं थापा मारलेला माणूस. गळाला ओढ बसली की त्याला कळतं. त्यांनी मागच्या बाकाकडे बघितलं नाही. लहूच्या खोलीत सापडलेल्या वस्तूंची यादी मृदुलाने त्यांना सकाळीच वाचून दाखवली होती. त्यातली एकच वस्तू त्यांच्या ध्यानात राहिली होती. लहान मुलीच्या सायकलची घंटी, गुलाबी, पिवळ्या पडलेल्या पाकिटातून कधी बाहेरच न काढलेली.

“ती रिकामी सायकल लहान होती,” ते हळू आवाजात म्हणाले. “हँडलला घंटी नव्हती. मी विचारलं, लहूभाऊ, कुणाची ही? त्याने खिशावर नुसता हात दाबून धरला.”

वासुदेवरावांनी मागच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज चढवला.

“आणि पोहायचा काय म्हणता! माशांनी शिकवणी लावावी. मनात आणलं असतं तर ती सायकल त्याने एका बुडीत वर आणली असती. पण नाही आणली हो. कंटाळा केला असेल. एका पोरीच्या सायकलसाठी कोण कपडे भिजवतो?”

“अण्णा!” मृदुला म्हणाली. हे तिने डचमध्ये सांगितलं नाही.

बाक करकरला. मागची बाई उभी राहिली होती. टोपी मागे पडली होती, आणि पांढरे होऊ लागलेले तिचे केस चेहऱ्यावर आले होते. तिचं मराठी सात-आठ वर्षांच्या पोरीचं होतं, तिथेच थांबून राहिलेलं.

“खोटं! खोटं बोलतो तू,” ती ओरडली. “माझ्या बाबाला पोहायला नाही येत.”