वीतभर

चादरीवर पुन्हा पिवळे ठिपके होते. लेकीनं ती दोरीवरून ओढून काढली आणि बाबांच्या नाकासमोर धरली.

"सोमवारपासून कानीकपाळी ओरडतेय, बाबा. ही पेटी मागच्या भिंतीशी न्या. तुमच्या माशांनी घाण करायची आणि मी चादरी धूत बसायचं?"

"हलवतोय की," बाबा म्हणाले.

"कुठे हलवताय? आज शनिवार. होती तिथेच आहे, ढिम्म. तुमच्यासारखी."

दोरीच्या पलीकडे घडवंचीवर मधपेटी होती. मुंग्या चढू नयेत म्हणून घडवंचीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या होत्या. बाहेरून परतलेल्या वीस-पंचवीस माशा पेटीच्या दाराशी न जाता दाराच्या वीतभर अलीकडे, नुसत्या हवेत घोटाळत होत्या. जणू दार तिथेच आहे आणि आतून कुणी कडी काढत नाही. चार-पाच दिवस रोज सकाळी हा खुळेपणा चालला होता. बऱ्याच वेळानं त्यांना खरं दार सापडे आणि एकेक करून त्या आत शिरत.

"बघा, यांनाही स्वतःचं घर सापडेना. मालक तशा माशा."

बाबा हसले. चाळीस वर्षं लेथवर काम केलेला माणूस. बोलणं मोजून, हसणंही मोजून. "होईल सवय त्यांना," एवढंच ते म्हणाले.

"माझं एक तरी ऐकलंत का आजवर?" असं म्हणून तिनं चादर बादलीत टाकली, पर्स उचलली आणि ती वाचनालयात कामाला गेली. जाते म्हणून सांगायचं राहिलं.

दुपारी दोनला शेजारणीचा फोन आला. बाबा अंगणातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. चष्मा डोळ्यांवर होता. पेटी समोर होती.

माणसं आली, बसली, गेली. आत्या तेवढी राहिली. रविवारपासून माशांचा खुळेपणा थांबला होता. त्या येत आणि सरळ दारातून आत जात. आत्यानं ते पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. "मुक्या जिवांना कळतं गं. धनी गेला, तशा शहाण्या झाल्या बघ."

लेकीला तसलं काही पटणारं नव्हतं. आयुष्य पुस्तकांत गेलं होतं. माशांच्या मेंदूत शोकाला जागा नसते हे तिला ठाऊक होतं. पण बाबा असेपर्यंत वेंधळ्या असलेल्या या माशा ते जाताच इतक्या सुरळीत वागाव्यात, याचा तिला राग येत होता. पंधराव्या दिवशी तिनं बाबांना पेटी विकणाऱ्या माणसाला फोन केला. "घेऊन जा," ती म्हणाली. "पैसे नकोत."

पेटीवाला संध्याकाळी आला. माशा आत परतल्यावरच पेटीचं दार बंद करता येतं, म्हणून उजेड उतरेपर्यंत तो थांबला. मग घडवंचीशी उकिडवा बसला आणि बराच वेळ उठलाच नाही.

"ताई, पेटी कोण सरकवत होतं?"

"कुणी नाही. त्यावरूनच तर आमचं रोज वाजायचं."

"मग हे काय?"

त्यानं जमिनीवर बोट ठेवलं. ओल्या मातीत उमटून वाळलेली वाटोळी खूण. वाटीची. तिच्या वीतभर पुढे तशीच दुसरी. मग तिसरी. घडवंचीच्या प्रत्येक पायापासून खुणांची एक रांग दोरीच्या दिशेनं आली होती. लेकीनं एक रांग मोजली. पाच.

"मागच्या भिंतीशी न्यायची होती का?" त्यानं विचारलं. "एकदम नेता येत नाही, ताई. माशी घर ओळखत नाही, जागा ओळखते. लांब ठेवलीत तर बाहेर गेलेल्या सगळ्या जुन्या जागी परत येणार आणि तिथेच भिरभिरून मरणार. रोज संध्याकाळी वीतभर सरकवायची. सकाळी जरा गोंधळतात, मग शिकतात. भिंतीपर्यंत महिन्याभराचं काम होतं हे. मीच सांगितलं होतं त्यांना, सोमवारी फोन आला तेव्हा."

"सोमवारी?"

"सकाळी. तुम्ही कामावर गेल्या गेल्या असेल. म्हणाले, लेकीला त्रास होतोय."

लेकीनं मागे वळून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. तिथून पेटी नाकासमोर दिसायची. नाकासमोर सरळ मागे जाणारी वस्तू मागे गेलेली कळत नाही. आणि ती घरी यायची ती अंधार पडल्यावर.

"चला, दार लावतो," पेटीवाला उठला. "गाडीत ठेवू."

"नको. एका बाजूनं धरा."

दोघांनी पेटी अलगद खाली उतरवली. तिनं घडवंची मागे घेतली, गुडघे टेकून जमिनीवर वीत ठेवली, मोजली, वाट्या पुन्हा पायांखाली सरकवल्या आणि पाणी भरलं. पेटी वर गेली.

"इतकंच?" पेटीवाल्यानं विचारलं.

"इतकंच."

सकाळी ती चादर वाळत घालायला अंगणात आली. बाहेरून परतलेल्या वीस-पंचवीस माशा दाराच्या वीतभर अलीकडे, नुसत्या हवेत घोटाळत होत्या. बाबांची खुर्ची होती तिथेच होती. तिनं चादर खांद्यावर टाकली आणि खुर्चीकडे तोंड करून, स्वयंपाकघरातल्या आत्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली,

"हलली हो, बाबा. दिसली मला."