साठ मिनिटांचा अंश

मेहकरहून एसटीत उभ्याने आलेली शारदा दारात चपला काढते न काढते, तोच सासूबाईंनी आतून विचारलं, "कोन आलं वं?"

"मीच, आत्याबाई."

"मंग दोन मिनिटं पाय चेपून दे."

पाय चेपून उठते, तर नवऱ्याला पाच मिनिटांत चहा हवा होता. तिने आधण ठेवलं, तेवढ्यात लेक प्रतीक्षा भूमितीचं पुस्तक घेऊन ओट्याशी आली.

"आई, एका अंशाचे साठ मिनिटं, तं साडेतीन अंशाचे किती? अन् सर म्हणे, हे मिनिटं घड्याळाचे नाहीत, कोनाचे आहेत."

आधणात पत्ती टाकत शारदा म्हणाली,



"कोनाचे का असंना, माह्ये तं नाहीत."