नवा पासवर्ड

टेंभुर्णीचे धर्मराजआबा गेले, पण मोबाइलमधला त्यांचा किल्ला अजून उभा होता. शेतमजुरांच्या मोर्च्यांत हयात घालवलेला हा माणूस म्हातारपणी देशभरातल्या लाल बावटेवाल्यांबरोबर लढाईचा खेळ खेळायचा. परवा कुणीतरी त्या गटाचे चार किल्ले लुटले. "निम्म्या कॉम्रेडांचा पासवर्ड एकच, आजी, इन्किलाब!" नात आकांक्षा हसली. "चोराला कष्टच न्हाईत. आबांचाबी तोच. आज बदलला न्हाई तर किल्ला गेलाच समज." आबांच्या पत्नी झुंबरबाईंनी मोबाइल हातात घेतला. रोज संध्याकाळी आबा तो शब्द मोठ्यानं म्हणतच टाइप करायचे, अख्खी गल्ली ऐकायची. आता तोच पुसायचा. अक्षरं शोधत त्यांनी नवा शब्द घातला. "हा कुणालाच सांगू नको, मलाबी न्हाई," आकांक्षानं बजावलं. पन्नास वर्षांत झुंबरबाईंनी आबांपासून काही लपवलं नव्हतं. त्यांनी हळूच विचारलं, "पोरी, त्यांना तेवढं सांगितलं तर चालंल का?"